पोला, दर शून्य

लकडगंजच्या आरागिरणीत बावीस वर्षं
मी आवक-वही लिहिली.
आलापल्लीचा साग, लांबी, घेर, घनफूट,
आणि शेवटच्या रकान्यात झिबल मडावीचं मत.

झिबल कुऱ्हाडीच्या पाठीनं ओंडक्याला ठोकायचा,
एकदाच,
मग मान तिरपी करून थांबायचा,
कडी वाजवून दाराबाहेर उभं राहावं तसा.
भरीव निघालं तर काहीच बोलायचा नाही.
नाहीतर म्हणायचा, "बाई, यात घर हाये."
मी लिहायची: पोला, दर शून्य.

पोल्यांचा ढीग भिंतीपाशी वाढत जायचा.
मावजीशेठ म्हणायचे, घाटावर पाठवा,
पोलं लाकूड लवकर पेटतं,
गाडीभाडं तरी सुटेल.
गेलेही बरेच. खोटं कशाला सांगू.
माझ्या सासऱ्यांच्या सरणात एक होता.
हातोड्याच्या शिक्क्यावरून ओळखला मी,
आणि रडायचं सोडून त्याचा घेर आठवत बसले.

उरलेल्यांचं झिबलनं काय केलं
याची नोंद कुठल्या वहीत नाही.

एक उभा फोडून त्यानं डोणी केली.
नवतपात पाणी भरून ठेवलं.
आधी साळुंक्या आल्या, मग हमाल तोंड धुवायला लागले,
पुढं दोघांनी आपापसात वेळा ठरवल्या.

एकाची दोन्ही तोंडं शेणमातीनं लिंपली,
बोटाएवढं भोक ठेवून पत्र्याखाली टांगला.
शेठ दोन महिने हसले.
तिसऱ्या महिन्यात माश्या आल्या
आणि त्या बाजूनं ट्रक नेऊ नका,
असं शेठच ओरडायला लागले.

एकात मांजर व्याली. त्यात याचं काही कर्तृत्व नाही,
पण महिनाभर त्यानं तो ओंडका कुणाला हलवू दिला नाही.

एक सायकलला बांधून सेमिनरी हिल्सवर नेला,
पिंगळ्यासाठी.
पिंगळा आला की नाही, मला माहीत नाही.
झिबल म्हणायचा, आला.

आणि दशरथ निखाऱ्याची चौथी मुलगी, सगुणी.
तान्ह्या पोळ्याला दरवर्षी ती
दुसऱ्याच्या बैलामागं चालायची.
इतवारीतला भरीव सागाचा बैल तिच्या बापाला परवडता ना,
परवडला असता तरी तिला ओढवला नसता.
झिबलनं पोल्याचा बैल केला.
शिंगं बाभळीची, चाकं खोक्यांच्या फळ्यांची,
पोटात नुसता काळोख.
हलका इतका, की ती त्याला घेऊन
बगडगंजपर्यंत पळत गेली,
आणि डांबरी रस्त्यावर तो असा घुमला
की बायका दारात आल्या.
बाकीचे बैल मुके.
बोजाऱ्याची नाणी तिनं त्याच्या तोंडातून आत टाकली.
संध्याकाळी ती काही केल्या बाहेर निघेनात.
बैल फोडायचा नाही, एवढ्यावर ती ठाम होती.
अजून असतील ती आत, सात की आठ रुपये.

मागच्या वर्षी झिबलनं ठोकलं,
मान तिरपी केली, थांबला,
फारच वेळ थांबला,
मग माझ्याकडं पाहिलं.
आऱ्यानं त्याचे कान खाल्ले होते.
माझे काय सोडले होते?
तेव्हापासून आम्ही दोघं ओंडक्याच्या कापल्या तोंडावर
तळवे टेकून उभे राहतो,
पलीकडून दशरथ ठोकतो.
भरीव लाकडातून घाव सरळ हाताला येतो.
पोल्यातून येतो तो उशिरा,
आतल्यानं पायात चपला घालायला
वेळ घेतल्यासारखा.

परवा शेठ वहीत डोकावले.
रकाना कोरा होता.
"दर?"
मी म्हटलं, थांबा जरा,
कडी वाजवलीये, येईल कुणीतरी.